रात्री नागपूरला उतरून वर्ध्याला जायचंय? मग दोन गोष्टी बघाव्या लागतात: गाडीची नंबर प्लेट आणि ड्रायव्हरची झोप

विमान रात्री साडेअकराला नागपुरात उतरतं. सामान हातात येईपर्यंत बारा वाजतात. नागपूरकर अर्ध्या तासात घरी पोचून गादीवर पडलेला असतो. वर्धेकराचा खरा प्रवास मात्र तिथून सुरू होतो, कारण घर अजून साधारण ७० किलोमीटर लांब असतं.

वर्धा जिल्ह्याला प्रवासी विमानतळ नाही. सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजातली मुलं, हिंदी विद्यापीठात येणारे प्राध्यापक, पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी आणि दिवाळीला घरी येणारी पोरं, आश्रम बघायला येणारे पाहुणे, या सगळ्यांसाठी विमानतळ म्हणजे नागपूरचं सोनेगाव. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ.

तसं बघितलं तर मध्यरात्रीची वर्दळ या विमानतळाला नवी नाही. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी निघायची आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत पोचायची. थैल्यांना पुढे वर्ध्याला जायची घाई नव्हती. माणसांना असते, आणि त्या घाईतच चुका होतात.

पहिला प्रश्न: आत्ता निघायचं की सकाळी?

हा प्रश्न बहुतेक लोक विमानतळाच्या दाराबाहेर आल्यावर स्वतःला विचारतात. तोपर्यंत चार जण "वर्धा, वर्धा, यवतमाळ" करत अंगावर आलेले असतात, मोबाईलची बॅटरी १२ टक्क्यांवर असते आणि डोकं चालायचं बंद झालेलं असतं. म्हणून याचं उत्तर तिकीट काढतानाच ठरवून ठेवलेलं बरं.

पर्याय किती आहेत ते आधी बघू.

नागपूर मेट्रोची खापरी ते सीताबर्डी ही पहिली मार्गिका मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि विमानतळाच्या नावाचं स्टेशनही तिच्यावर आहे. पण हे स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. शिवाय मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहा चालते. म्हणजे रात्री उशिराच्या विमानाला तिचा उपयोग नाही. पहाटे उतरणाऱ्याला मात्र थोडं थांबलं तर तिच्याने सीताबर्डीपर्यंत जाता येतं आणि तिथून रेल्वे स्टेशन जवळ पडतं.

एसटीच्या नागपूर-वर्धा फेऱ्या दिवसभर भरपूर असतात. रात्री त्या कमी होतात. शिवाय गणेशपेठच्या बसस्थानकापर्यंत जाणं म्हणजे शहरात उलटं जाणं. अपरात्री वर्धा रोडवर उभं राहून येणाऱ्या गाडीला हात दाखवणं हा मार्ग आपल्याकडे पूर्वापार चालत आलाय. अंधारात, सामानासकट, एकट्याने उभं राहायला ती जागा मात्र बरी नाही.

राहिल्या दोन गोष्टी. रेल्वे आणि टॅक्सी.

रेल्वेकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात

नागपूर आणि वर्धा दोन्ही मोठ्या लोहमार्गांवर आहेत. मुंबई आणि चेन्नई-हैदराबादकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या रात्री इथून जातात. गाडी मिळाली तर सव्वा तासाच्या आसपास वर्धा येतं. डब्यात माणसं असतात, तिकीट तपासनीस असतो आणि मदतीसाठी १३९ हा क्रमांक असतो.

फक्त एक मेख आहे. वर्ध्याला दोन स्टेशनं आहेत. मुंबईच्या दिशेच्या गाड्या वर्धा जंक्शनला थांबतात. बल्लारशाहवरून दक्षिणेत जाणाऱ्या गाड्या सेवाग्राम स्टेशनला थांबतात, ज्याला जुनी माणसं अजून वर्धा ईस्ट म्हणतात. दोन्ही स्टेशनांमध्ये अंतर आहे आणि पहाटे दोनला ते जास्तच वाटतं. घ्यायला येणारा एका स्टेशनवर आणि उतरणारा दुसऱ्यावर, हा घोळ वर्ध्यात अनेक घरांनी घातलाय. शिवाय काही गाड्या दोन्हीकडे न थांबता पुढे निघून जातात. त्यामुळे गाडीचं नाव पाठ असलं तरी थांबा तपासावा.

एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला एक कायदा माहीत असायला हवा. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३९ नुसार, सोबत पुरुष नसलेल्या महिलेला तिकीट नाही म्हणून वाटेल त्या स्टेशनवर रात्री उतरवता येत नाही. प्रवास जिथून सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, अशाच जागी उतरवता येतं आणि तेही दिवसाच. कलम १३९ आणि मदतीचा क्रमांकही १३९. लक्षात ठेवायला सोपं.

सकाळपर्यंत थांबायचं ठरलंच, तर नागपूर स्टेशनवर विश्रामकक्ष आहेत. त्यांचं बुकिंग रेल्वेच्या तिकिटावर होतं. विमानतळाबद्दल मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आगमनाच्या दारातून एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. त्यामुळे फोन चार्ज करणं, घरी कळवणं, टॅक्सी बुक करणं ही सगळी कामं सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहूनच उरकावी. आत उजेड असतो आणि सीआयएसएफचे जवान असतात. बाहेर फक्त घाई असते.

टॅक्सी घ्यायची तर आधी प्लेट बघा

भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना असलेल्या गाडीची नंबर प्लेट पिवळी असते, त्यावर काळी अक्षरं. इलेक्ट्रिक टॅक्सी असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. आणि काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतील तर ती गाडी स्वतः चालवायला भाड्याने दिली जाणारी आहे. तिच्यात दुसराच कोणी ड्रायव्हर बसून भाडं मारत असेल तर तिथेच थांबावं.

"पण पांढऱ्या प्लेटवाला पाचशे रुपये कमी घेतोय ना?" हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. त्याचं उत्तर विम्यात आहे. खासगी गाडी भाड्याने चालवणं हा परवान्याचा भंग आहे. अशा गाडीला वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. मग जखमी प्रवाशाची भरपाई वर्षानुवर्षं कोर्टात अडकते. वाचलेले पाचशे रुपये तेव्हा फार महाग पडतात.

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकला की गाडीचा प्रकार, विम्याची मुदत, फिटनेसची मुदत असं बरंच काही समोर येतं. एक मिनिटाचं काम आहे.

आता ॲपवरच्या टॅक्सीची गोष्ट. नागपूर शहरातल्या फेरीपेक्षा वर्ध्याची फेरी वेगळी आहे. वर्ध्याहून मध्यरात्री परत येताना ड्रायव्हरला भाडं मिळत नाही, गाडी रिकामी आणावी लागते. म्हणून तो आधी "कुठे जायचं?" विचारतो आणि वर्धा ऐकलं की म्हणतो, "ॲपवर कॅन्सल करा, रोख द्या, मी नेतो." त्याचा हिशोब चुकीचा नाही. पण बुकिंग रद्द झाल्या क्षणी प्रवासाची नोंदच पुसली जाते. कोण बसलं, कोणत्या गाडीत बसलं, कुठे निघालं, यातलं काहीच कुठे राहत नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच शहराबाहेरच्या फेरीचं बुकिंग करावं किंवा विमानतळावरच्या अधिकृत काउंटरवरून पावती घेऊन टॅक्सी घ्यावी. रात्रीचा आकार, टोल आणि परतीचं भाडं धरलंय की नाही, हे बसण्याआधी विचारावं. सेलूजवळ गाडी थांबवून घासाघीस करण्यात काही अर्थ नसतो.

ॲपवर दिसलेला नंबर आणि समोरची गाडी एकच आहे का, फोटोतला माणूस आणि स्टेअरिंगवरचा माणूस एकच आहे का, हेही बघावं. आणि "कोणाला घ्यायला आलात?" असं ड्रायव्हरलाच विचारावं. आपलं नाव आपण आधी सांगायचं नाही.

गाडीत दुसरा माणूस बसलेला असेल तर?

"हा माझा भाऊ आहे, बुटीबोरीला उतरणार." हे वाक्य रात्री फार ऐकू येतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. तरीही नाही म्हणावं.

याला कारण आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात बीपीओत काम करणारी एक तरुणी रात्रपाळीसाठी कंपनीच्या कंत्राटी गाडीतून निघाली. गाडी नेहमीची होती, ड्रायव्हर ठरलेला होता. त्या रात्री त्याच्यासोबत त्याचा एक मित्र बसला होता. ती तरुणी ऑफिसला पोचलीच नाही. दोघांना बलात्कार आणि खुनासाठी शिक्षा झाली. त्या खटल्यानंतर रात्रपाळीच्या गाड्यांमध्ये सुरक्षारक्षक, घरापर्यंत सोडणं, जाण्यायेण्याची नोंद या गोष्टींची चर्चा महाराष्ट्रभर झाली. ओळखीचा ड्रायव्हरसुद्धा पुरेसा नसतो, आणि ठरलेल्या गोष्टीत ऐनवेळी बदल झाला की थांबायचं, हे त्या प्रकरणातून कळतं.

पुढे डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बुक केलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. ड्रायव्हरवर आधीचे गुन्हे होते आणि त्याची नीट पडताळणी झालेली नव्हती, असं समोर आलं. त्यानंतर नियम कडक होत गेले. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी-बससारख्या प्रवासी वाहनांत गाडीचं ठिकाण सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण बंधनकारक झालं. गाडीत बसल्यावर ते लाल बटण कुठे आहे हे डोळ्यांनी शोधून ठेवावं. शोधायची वेळ नंतर येऊ नये.

घरच्यांना लोकेशन पाठवलं, पुढे काय?

लाइव्ह लोकेशन सगळेच पाठवतात. पण ते बघणारा माणूस जागा असेल तरच त्याचा उपयोग. आईला पाठवलं आणि आई झोपली, तर तो निळा ठिपका एकटाच पुढे सरकत राहतो. कोण जागं राहणार हे ठरवावं आणि त्या माणसाला रस्ता माहीत असावा.

वर्ध्याला जायचे रस्ते मुख्यतः दोन. जुना रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४४ ने बुटीबोरीपर्यंत जातो. तिथून ३६१ क्रमांकाचा महामार्ग धरून केळझर, सेलू, पवनार आणि मग वर्धा. दुसरा रस्ता समृद्धी महामार्गाचा. तो डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला. शिवमडक्याला चढायचं आणि येळाकेळीला उतरायचं.

दोन्हींचा स्वभाव वेगळा. जुन्या रस्त्यावर गावं आहेत, ढाबे आहेत, पेट्रोलपंप आहेत. भीती वाटली तर "पाणी घ्यायचंय" म्हणून गाडी उजेडात थांबवता येते. समृद्धीवर वेळ वाचतो, समोरून गाडी येत नाही. पण दोन उतारांच्या मध्ये उतरायला जागा नाही आणि मागे वळता येत नाही. म्हणून कोणत्या रस्त्याने जायचं हे निघतानाच ठरवावं आणि घरी सांगावं. नाहीतर ड्रायव्हर सवयीने समृद्धीला वळतो आणि मागे बसलेल्याच्या पोटात गोळा येतो. न ठरवता रस्ता बदलला आणि विचारल्यावर नीट उत्तर मिळालं नाही, तर ११२ लावायला लाजू नये. हा देशभरचा एकच आपत्कालीन क्रमांक आहे. हद्द नागपूर शहराची, नागपूर ग्रामीणची की वर्ध्याची, हे प्रवाशाने शोधत बसायचं नसतं. गुन्हा घडलाच तर कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय स्पष्ट लिहिलेली आहे.

सगळं नीट झालं, तरी एक धोका उरतो

गाडी पिवळ्या प्लेटची आहे, ड्रायव्हर सज्जन आहे, लोकेशन चालू आहे. तरीही घात होऊ शकतो, कारण ड्रायव्हरला झोप येऊ शकते.

रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात माणसाच्या शरीराला झोप हवीच असते. चहाने ती थोडी पुढे ढकलता येते, टाळता येत नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच सुस्तावतो, असं १९९७ मध्ये एका संशोधनात दिसलं होतं. भारतात गाडी चालवताना दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरानंतर, थेंबभर न पिता, त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर रस्ता बिनड्रायव्हरचा.

वर्ध्याला रात्रीच्या रस्त्याने काय घेतलंय ते वर्धा विसरलेलं नाही. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळीजवळ सेलसुऱ्याच्या पुलावरून कार खाली कोसळली आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजचे सात विद्यार्थी गेले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसला अपघात होऊन आग लागली. २५ जण गेले. त्यात वर्धा जिल्ह्यातले प्रवासी मोठ्या संख्येने होते. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात आणि त्यांवर वादही होतात. पण अंधार, वेग आणि थकवा एकत्र आले की एखादं रोही किंवा रानडुक्कर आडवं येणंही पुरेसं ठरतं.

आणि इथेच सगळ्यात विश्वासाचा पर्याय पुन्हा तपासावा लागतो. "टॅक्सी कशाला, दादा येतोय ना घ्यायला." दादा दिवसभर दुकानात उभा होता. रात्री जेवून दहाला वर्ध्याहून निघाला, विमान तासभर उशिरा आलं म्हणून गाडीत बसून राहिला, आणि आता बहिणीला घेऊन परत निघालाय. दादावर संशय घ्यायचं कारणच नाही. पण त्या रात्री वर्धा रोडवर सगळ्यात थकलेला ड्रायव्हर तोच असू शकतो. त्याने दुपारी दोन तास झोपून घेतलेलं असावं, सोबत गाडी चालवणारा दुसरा कोणी असावा, नाहीतर सगळ्यांनी नागपुरातल्या मावशीकडे मुक्काम करून सकाळी निघावं. मावशी थोडी रागावेल, पण पोहे करेल.

टॅक्सीवाल्यालाही सरळ विचारावं, "भाऊ, सकाळपासून किती फेऱ्या झाल्या? कधीपासून गाडीवर आहात?" केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ॲपवरच्या ड्रायव्हरला दिवसात १२ तासांहून जास्त काम देऊ नये असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात दोन-दोन ॲपवर गाडी चालवणाऱ्याचे तास कोण मोजणार? ड्रायव्हर वारंवार डोळे चोळत असेल, गाडी पांढऱ्या पट्टीवर जात असेल, वेग उगाच कमी-जास्त होत असेल, तर "चला, चहा घेऊ, दहा मिनिटं डोळे मिटा" म्हणावं. चहाचे पैसे आपण द्यावेत. बोलत राहावं.

मागच्या सीटवरचा पट्टाही लावावा. तो लावणं कायद्याने बंधनकारक आहे आणि न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागातली होती. आपल्याकडच्या बऱ्याच टॅक्सींत पट्टा सीट कव्हरखाली दाबलेला असतो. निघायच्या आधी तो काढून द्यायला सांगावा.

निघण्याआधी एकदा नजर टाकावी असं थोडक्यात

विमान रात्री अकरानंतर पोचणार असेल तर मुक्काम, रेल्वे की टॅक्सी हे तिकीट काढतानाच ठरवावं.

टर्मिनलच्या आत असतानाच फोन चार्ज करावा आणि गाडी बुक करावी.

पिवळी प्लेट, जुळणारा नंबर आणि गाडीत एकटा ड्रायव्हर. यातलं एक जरी नसेल तर बसू नये.

बुकिंग रद्द करून रोखीने जाऊ नये.

जागा राहणारा एक माणूस आणि ठरलेला एक रस्ता असावा. बुटीबोरी, केळझर, सेलू, पवनार असे टप्पे घरी कळवत राहावे.

११२ पोलिसांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०३३ राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी, १३९ रेल्वेसाठी.

घरासमोर किंवा वसतिगृहाच्या गेटपाशी पोचल्यावर दार उघडेपर्यंत ड्रायव्हरला थांबायला सांगावं. आणि परत जाताना त्यालाही विचारावं, "भाऊ, थोडी झोप काढून जाता का?" कारण तुमचा प्रवास संपला तरी त्याला रिकामी गाडी घेऊन तेच ७० किलोमीटर एकट्याने परत जायचं असतं, आणि त्याच्याही घरी कोणीतरी जागं असतं.